वित्तीय गणित : आपण मोकळं सोडलेलं मैदान

एप्रिलमधली गोष्ट आहे. जयंतीची मिरवणूक आटोपली होती आणि मंडळाचा हिशोब चालू होता. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत रोज बसणारी एक मुलगी जवळ आली. बी.एस्सी. संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. म्हणाली, "जय भीम, दादा. मला एम.एस्सी.ला फायनान्शियल मॅथेमॅटिक्स घ्यायचंय. घरी कुणाला पटत नाही. तुम्ही पप्पांशी बोलाल का?"

मी काय उत्तर दिलं? "अगं, ते शेअर मार्केटचं ना? त्यापेक्षा एमपीएससी कर. नाहीतर लॉ कर, चळवळीला वकील लागतात." शेजारी बसलेल्या दोघा-तिघा कार्यकर्त्यांनी माना डोलावल्या. ती वाद घालत बसली नाही. "बरं, दादा" म्हणाली आणि गेली.

हा लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती. चूक चार माणसांसमोर केली होती, तेव्हा दुरुस्तीही चार माणसांसमोरच केली पाहिजे.

माझं मत बदलायला कारण झालं एका गटकर्जाचं कार्ड. मे महिन्यात एका रविवारी वंदनेनंतर विहारात पाच-सहा बायका बसल्या होत्या. एका मावशींनी तीस हजारांचं कर्ज घेतलं होतं. दर महिन्याला २,८०० रुपयांचा हप्ता, असे बारा हप्ते. वसुलीला येणाऱ्या पोराने सांगितलं होतं, व्याज बारा टक्के. मावशींनी मला विचारलं, बरोबर आहे का? मी मोबाईलवर हिशोब केला. तीस हजारांचे बारा टक्के म्हणजे ३,६००. एकूण ३३,६००. भागिले बारा, २,८००. म्हटलं, बरोबर आहे मावशी, फसवणूक नाही.

ती मुलगी तिथेच होती. म्हणाली, "मावशी, पहिला हप्ता भरल्यावर तुमच्याकडे त्यांचे तीस हजार कुठे राहिले? दर महिन्याला तुम्ही मुद्दल परत करताय. अकराव्या महिन्यात तुमच्याकडे त्यांचे साडेपाच हजारसुद्धा धड नसतात. पण व्याज मात्र बाराही महिने पूर्ण तीस हजारांवर लावलंय." मग तिने तिच्या मोबाईलवर हिशोब मांडला. खरा दर निघाला वर्षाला साधारण साडेएकवीस टक्के. तिने पुढे विचारलं, हातात किती आले होते? मावशी म्हणाल्या, २९,४००. सहाशे रुपये प्रोसेसिंग फी म्हणून आधीच कापले होते. ते धरल्यावर दर पंचवीस टक्क्यांच्या पुढे गेला.

मी पदवीधर आहे. वीस वर्षं चळवळीत आहे. आणि मी नुकतंच त्या मावशींना "फसवणूक नाही" असं सांगून मोकळा झालो होतो.

गंमत म्हणजे मावशींच्या प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद होता. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये सूक्ष्मवित्त कर्जांसाठी जे नियम केले, त्यात सगळे आकार धरून प्रत्यक्ष वार्षिक दर किती पडतो हे सांगणारं माहितीपत्रक कर्जदाराला देणं बंधनकारक आहे. त्या कागदावर पंचवीस पूर्णांक काहीतरी असा आकडा छापलेला होता. नियम पाळला गेला होता. फक्त तो कागद वाचून सांगणारं आमच्या वस्तीत कुणी नव्हतं. जी एक मुलगी होती, तिला मी एमपीएससीला पाठवत होतो.

आता ही मुलगी जे शिकू पाहते आहे ते नक्की काय, हे मी तिच्याकडूनच आणि तिने दिलेल्या पुस्तकांतून थोडंफार समजून घेतलं. आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात वित्तीय गणित म्हणजे शेअर बाजाराचा क्लास, किंवा सीए, किंवा बँकेची परीक्षा. यातलं ते काहीच नाही. हा गणिताचा विद्यापीठीय विषय आहे. कॅल्क्युलस, रेषीय बीजगणित, संभाव्यता, संख्याशास्त्र आणि संगणकाची एखादी भाषा, पायथन किंवा आर, एवढ्या पायावर तो उभा राहतो. त्याच्या मुळाशी दोनच प्रश्न आहेत. आज मिळणारा रुपया आणि उद्या मिळणारा रुपया यांची तुलना कशी करायची? आणि उद्याचं काहीच नक्की नसेल तर त्या अनिश्चिततेची किंमत कशी ठरवायची?

पहिला प्रश्न ऐकायला सोपा वाटतो. पण आपल्या घराघरातलं एक उदाहरण घ्या. समजा एखाद्या विद्यार्थ्याची २०,००० रुपयांची शिष्यवृत्ती अठरा महिने उशिरा आली. कॉलेज थांबत नाही, मेस थांबत नाही, म्हणून बापाने शेकडा दोन रुपये महिन्याने पैसे उचलले. वित्तीय गणिताच्या पहिल्याच प्रकरणातलं सूत्र लावलं, तर अठरा महिन्यांनी येणाऱ्या त्या वीस हजारांची आजची किंमत त्या घरासाठी होते साधारण चौदा हजार. म्हणजे सहा हजार गेले. शासनाच्या कागदावर मात्र "शंभर टक्के वितरण" अशी नोंद होते. आपण मोर्चा काढतो, "शिष्यवृत्ती वेळेवर द्या" म्हणतो. ती मागणी बरोबरच आहे. पण "तुमच्या उशिराने एका विद्यार्थ्याचे सहा हजार बुडाले, इतक्या विद्यार्थ्यांचे मिळून इतके कोटी होतात, ते व्याजासह द्या" असं निवेदन मी आजवर एकाही संघटनेच्या लेटरहेडवर पाहिलेलं नाही. माझ्या स्वतःच्या संघटनेच्याही नाही.

दुसरा प्रश्न अवघड आहे आणि खरा विषय तिथेच सुरू होतो. १९०० साली लुई बाशलिये नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने पॅरिसमध्ये सट्ट्याच्या सिद्धांतावर प्रबंध लिहिला. बाजारातले भाव जणू आंधळेपणाने इकडे-तिकडे पावलं टाकतात असं धरून त्यांचं गणित मांडता येईल, ही त्याची कल्पना. पुढे १९७३ मध्ये ब्लॅक, शोल्स आणि मर्टन यांनी ऑप्शन नावाच्या कराराची किंमत काढण्याचं सूत्र दिलं. ही मुलगी त्याबद्दल सांगत होती तेव्हा एका गोष्टीने मी चकित झालो. शेअरचा भाव वर जाईल की खाली येईल, याचा अंदाज त्या सूत्रात कुठेच नाही. भाव किती हेलकावे खातो, व्याजदर काय, मुदत किती, आजचा भाव आणि करारातला भाव काय, यांवरच सगळं चालतं.

हे वाक्य आपल्या पोरांनी नीट वाचावं. कारण आज वस्तीवस्तीत पोरं मोबाईलवर ऑप्शन घेतायत-विकतायत. टेलिग्रामवरचा कुणीतरी गुरू "निफ्टी वर जाणार" म्हणतो आणि आयटीआय झालेला, कुरिअरच्या पगारावर जगणारा आमचा पोरगा पाच हजार लावतो. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. सरासरी तोटा सुमारे दोन लाख रुपये. त्याच बाजारात परदेशी गुंतवणूक संस्था आणि मोठ्या दलाली पेढ्यांनी २०२३-२४ या एका वर्षात हजारो कोटी कमावले, आणि त्यांचा बहुतेक नफा संगणकी अल्गोरिदमनी चालवलेल्या व्यवहारांतून आलेला होता. हे अल्गोरिदम लिहितं कोण? वित्तीय गणित शिकलेली माणसं. म्हणजे या खेळात आपण उतरलोच आहोत. फक्त ज्या बाजूला पैसे जातात त्या बाजूला आहोत.

म्हणून "आपण कशाला त्या भानगडीत पडायचं" हा प्रश्न आता उरलेला नाही. कर्ज, विमा, पेन्शन, पीकविमा, गृहकर्जाचा हप्ता, या सगळ्यांतून ती भानगड आपल्या घरात शिरलेली आहे.

पेन्शनचंच बघा. आपल्या समाजातून आरक्षणामुळे पहिल्यांदा सरकारी नोकरीत गेलेली पिढी जुन्या पेन्शनवर म्हातारी झाली. केंद्रात १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना ती बंद झाली. मार्च २०२३ मध्ये राज्यात मोठा संप झाला. मी तेव्हा दोन सभांना गेलो होतो. भाषणं जोरदार झाली. पण ठरावीक पेन्शनच्या हमीची आजची किंमत किती, बाजारावर सोडलेल्या पेन्शनमध्ये नेमका किती धोका कर्मचाऱ्याच्या डोक्यावर टाकला गेला, हे आकड्यात मांडणारा एक माणूस व्यासपीठावर नव्हता. समोर बसलेल्या सरकारकडे मात्र तो हिशोब मांडणारे असतात. वाटाघाटीत आकडा ज्याच्या हातात, प्रस्ताव त्याचा. आपल्या हातात उरतं ते हो किंवा नाही म्हणणं.

इथे बाबासाहेबांकडे येतो. ते अर्थतज्ज्ञ होते हे आपण दरवर्षी सांगतो. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी., त्याचा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर. कोलंबियाची पीएच.डी. ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवर. रिझर्व्ह बँकेचा त्यांच्याशी संबंध सांगणारे मेसेज तर दर १४ एप्रिलला हजारदा फॉरवर्ड होतात. १९२५ मध्ये त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली, हे खरं आहे आणि अभिमानाचं आहे. पण रुपयाच्या प्रश्नावरचं ते पुस्तक किती जणांनी उघडलंय? त्यात बाबासाहेब केन्सच्या मताविरुद्ध उभे राहतात. ज्या प्राध्यापक एडविन कॅनन यांनी त्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली, त्यांनाही त्यातलं सगळं पटलेलं नव्हतं आणि त्यांनी तसं लिहिलंही. तिशीतला महार तरुण साम्राज्याच्या राजधानीत बसून साम्राज्याच्या चलनधोरणाला आव्हान देतो. ते आव्हान आकडे, कोष्टकं, विनिमयदर आणि किमतींच्या भाषेत आहे. "आम्ही पिचलेले आहोत, आमचं ऐका" अशा विनवणीची भाषा त्या प्रबंधात नाही.

याहून कमी बोललं जातं ते विम्याबद्दल. १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेलं 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन आपल्या अभ्यासवर्गांत असतं. पण चर्चा होते ती शेतीच्या राष्ट्रीयीकरणावर आणि स्वतंत्र मतदारसंघांवर. त्यातच बाबासाहेबांनी लिहिलंय की विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा घेणं राज्याने सक्तीचं करावं. त्याआधी ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असतानाच अडारकरांना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायला नेमलं गेलं, १९४४ मध्ये अहवाल आला आणि त्यातून पुढे १९४८ चा ईएसआय कायदा झाला. आता विचार करा. देशातल्या प्रत्येक प्रौढाचा विमा! त्याचा हप्ता किती ठेवायचा? बिडी कामगाराचा किती, गिरणी कामगाराचा किती? निधी चाळीस वर्षं पुरेल याची खात्री कशी करायची? कोण किती वर्षं जगेल याच्या मृत्युमान सारण्यांशिवाय यातला एकही प्रश्न सुटत नाही. तो हिशोब करणाऱ्या माणसाला अ‍ॅक्च्युअरी म्हणतात, आणि त्याचं शिक्षण हे वित्तीय गणिताचंच सख्खं भावंड आहे. बाबासाहेबांनी मागितलेलं राज्य चालवायला अ‍ॅक्च्युअरी लागणार होते. आपण किती घडवले?

हे गणित करणारा माणूस कोण आहे याने फरक पडतो का? "दोन अधिक दोन चारच होणार, जात कशाला आणता" असं म्हणणारे भेटतात. त्यांच्यासाठी अमेरिकेतला एक प्रसंग सांगतो. प्रुडेन्शियल या विमा कंपनीने १८८१ मध्ये ठरवलं की काळ्या ग्राहकांकडून गोऱ्यांइतकाच हप्ता घ्यायचा, पण विम्याची रक्कम एक-तृतीयांश कमी द्यायची. कारण काय, तर काळे लोक लवकर मरतात. पुढे याच कंपनीचा संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक हॉफमन याने १८९६ मध्ये जाडजूड पुस्तक लिहिलं. कोष्टकांवर कोष्टकं. निष्कर्ष असा की हा मृत्यूदर परिस्थितीमुळे नाही, वंशाच्या गुणधर्मामुळेच आहे. तो काळ असा, की आकडे दिसले की माणसं गप्प बसत.

डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस गप्प बसले नाहीत. पुढच्याच वर्षी त्यांनी त्या पुस्तकाचं परीक्षण लिहून हॉफमनची पद्धतच उघडी पाडली. युरोपातल्या कितीतरी मोठ्या शहरांत गोऱ्यांचा मृत्यूदर अमेरिकेतल्या काळ्यांइतका किंवा त्याहून जास्त होता. मग तिथे वंश कुठून आला? दलदलीच्या खोल्या, घाण पाणी, कमी मजुरी हे घटक बाजूला काढल्याशिवाय वंशावर बोट ठेवताच येत नाही. १८९९ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियातल्या काळ्या वस्तीचा घरोघर जाऊन केलेला अभ्यास छापला. हेच ते डु बॉइस, ज्यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिलं होतं आणि ज्यांनी त्याला उत्तरही दिलं होतं. हॉफमन आणि डु बॉइस दोघांसमोर मृत्यूचेच आकडे होते. आकड्यांना कोणता प्रश्न विचारायचा, हे मात्र प्रत्येकाने आपापल्या जागेवरून ठरवलं.

उद्या कर्ज द्यायचं की नाही हे संगणकाचं मॉडेल ठरवेल आणि त्या मॉडेलमध्ये पिनकोड हा एक घटक असेल, तर जातीचा रकाना नसूनही जात मोजली जाईल की नाही? आपल्या गावांची रचना ज्याला माहीत आहे त्याला हे उदाहरण लागतही नाही. पण ते मॉडेल उघडून, घटक वेगळे काढून सिद्ध करायला गणित लागतं. नुसता संताप घेऊन गेलो तर सर्व्हरच्या खोलीबाहेरच उभे राहू.

आणि ही शिस्त फक्त शत्रूसाठी नाही, स्वतःसाठीही लागते. थोडं कडू बोलतो. "दलित स्त्री सवर्ण स्त्रीपेक्षा १४.६ वर्षं लवकर मरते" हा आकडा मी स्वतः किमान दहा भाषणांत वापरलाय. संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेच्या २०१८ च्या अहवालात तो आहे, खोटा नाही. पण तो आहे मृत्यूच्या वेळच्या सरासरी वयाचा. म्हणजे जे मरण पावले त्यांच्या वयांची सरासरी. ज्या समाजात मुलं आणि तरुण जास्त आहेत, तिथे ही सरासरी आपोआप खाली येते. आयुर्मान काढण्याची पद्धत वेगळी आहे, प्रत्येक वयोगटाचा मृत्यूदर घेऊन सारणी तयार करावी लागते. तसा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. नऊ राज्यांच्या आकडेवारीवर आधारलेला. त्यात सवर्ण हिंदूंच्या तुलनेत दलितांचं आयुर्मान तीन वर्षांहून अधिक आणि आदिवासींचं चार वर्षांहून अधिक कमी निघालं. आणि महत्त्वाचं म्हणजे केवळ गरिबीने हे अंतर पूर्णपणे समजावता येत नाही.

तीन वर्षं ऐकायला चौदापेक्षा कमी वाटतं. पण कोट्यवधी माणसांच्या प्रत्येकी तीन वर्षांची चोरी, आणि तीही "गरिबीमुळे" म्हणून झटकता न येणारी, हा आरोप कुठल्याही न्यायालयात, कुठल्याही विद्यापीठात टिकतो. चौदाचा आकडा समोरच्या हुशार वकिलाने पाच मिनिटांत मोडला असता आणि त्याबरोबर आपली सगळी बाजू हास्यास्पद ठरवली असती. मला हा फरक समजायला आठ वर्षं लागली. त्या मुलीने तो दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमात शिकला होता.

आता आक्षेपांकडे येतो. सगळ्यांची उत्तरं माझ्याकडे नाहीत, हे आधीच सांगतो.

पहिला आक्षेप आपल्या डाव्या मित्रांचा. हे भांडवलशाहीचं हत्यार आहे, ते शिकून पोरं परदेशी बँकांची चाकरी करणार. यात तथ्य आहे. या गणिताने माणसं बुडवलीही आहेत. ज्या मर्टन आणि शोल्स यांना १९९७ मध्ये नोबेल मिळालं, ते ज्या फंडाचे भागीदार होते तो पुढच्याच वर्षी बुडायला आला आणि मोठ्या बँकांना पैसे घालून सावरावा लागला. २००८ मध्ये घरकर्जांच्या गाठोड्यांची जोखीम मोजणारी सूत्रं चुकली आणि अमेरिकेत लाखो गरिबांची घरं गेली. काळ्या कुटुंबांना त्याची झळ जास्त बसली. पण याचा अर्थ हा विषय सोडून द्या असा कसा होईल? कायदाही हजारो वर्षं आपल्याविरुद्धच वापरला गेला. बाबासाहेबांनी कायदा शिकायचं टाळलं नाही. काही पोरं शिकून बँकेत जातील आणि वस्तीकडे फिरकणार नाहीत, हेही खरं. ते तर आयएएस झालेल्यांचंही होतं, म्हणून आपण यूपीएससीची अभ्यासिका बंद केली का?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही. मोठ्या वित्तसंस्थांच्या मुलाखतींत आडनाव, इंग्रजीचा लहेजा, ओळखी या गोष्टी चालतात. "गुणवत्ता" या शब्दाआड काय चालतं ते आपल्याला नव्याने सांगायला नको. यावर माझ्याकडे गोड उत्तर नाही. एवढंच सांगतो की याच शिक्षणावर रिझर्व्ह बँकेचा सांख्यिकी विभाग, सेबी, एलआयसी, नाबार्ड यांच्या अधिकारी भरतीलाही बसता येतं आणि तिथे आरक्षण आहे. एमपीएससीच्या काहीशे जागांसाठी लाखो पोरं ऐन तारुण्यातली सात-आठ वर्षं घालवतात. त्यातल्या गणित आवडणाऱ्या काहींना हा रस्ता कुणी दाखवलेलाच नसतो.

तिसरा आक्षेप बाहेरून येत नाही, आपल्या आतच बसलेला असतो. "आपल्याला गणित जमत नाही." मी बी.ए. केलं ते याच भीतीने. दहावीला गणितात बरे गुण होते, पण प्रवेशाच्या वेळी एका प्राध्यापकांनी फॉर्मवरचं आडनाव वाचलं आणि प्रेमाने समजावलं, "कशाला झेपेल, आर्ट्स घे, स्कॉलरशिप तर मिळतेच." त्यांनी शिवी दिली नव्हती. म्हणूनच मी वीस वर्षं त्याला सल्ला समजत राहिलो. आणि परवा तोच सल्ला मी त्या मुलीला दिला, फक्त त्यावर निळा रंग लावून.

एल्फिन्स्टन हायस्कूलमधली बाबासाहेबांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. शिक्षकांनी भीमरावाला फळ्यावर येऊन उदाहरण सोडवायला सांगितलं आणि वर्गात एकच गलका झाला. फळ्यामागे मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते, ते बाटतील म्हणून मुलं धावली आणि डबे बाजूला केले. आपण ही गोष्ट सांगतो तेव्हा डब्यांपाशी थांबतो, आणि ते स्वाभाविक आहे. पण तो मुलगा फळ्याकडे निघाला होता गणित सोडवायला, हे आपण सांगायचं विसरतो.

ज्यांना या वाटेने जायचंय त्यांच्यासाठी मला जे समजलं ते थोडक्यात लिहितो. अकरावी-बारावीला गणित सोडू नका, सगळ्यात जास्त दारं तिथेच बंद होतात. कॉमर्सच्या मुलांनीही गणिताचा पर्याय घ्यावा. पदवीला गणित किंवा संख्याशास्त्र घ्या, सोबत प्रोग्रामिंग शिका, ते मोबाईलवर नाही, संगणकावरच शिकावं लागतं. त्यासाठी अभ्यासिकेत दोन जुने संगणक आणणं हे आपलं काम आहे. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग जवळचा आहे. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेची प्रवेश परीक्षा अवघड असते, पण शिक्षण जवळपास मोफत, वर विद्यावेतन मिळतं, आणि तिथे आरक्षणही आहे. आपल्या शाळांमधून त्या परीक्षेचं नावसुद्धा कळत नाही. अ‍ॅक्च्युअरीच्या परीक्षा इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीज ऑफ इंडिया घेते. त्या नोकरी करत करत देता येतात, पण वर्षानुवर्षं चालतात आणि प्रत्येक पेपरची फी असते, हे माहीत असू द्या. परदेशात जायचं असेल तर राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती आहे. अटी बदलत राहतात, म्हणून ऐकीव माहितीवर न जाता चालू वर्षाचा शासन निर्णय वाचा. आणि हो, बाबासाहेब ज्या दोन विद्यापीठांत अर्थशास्त्र शिकले, त्या कोलंबियात आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आज या विषयाच्या पदव्युत्तर पदव्या आहेत. आपली पोरं तिथे बाबासाहेबांच्या पुतळ्यासोबत फोटो काढायला जातात. त्यातल्या एखादीने गणिताच्या विभागाचा जिना चढावा.

मी त्या मुलीच्या वडिलांशी बोललो. ते रिक्षा चालवतात. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "दादा, दोन वर्षं फी कुठून आणू? आणि नोकरी नाही लागली तर?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही, कारण खोटं बोलावं लागलं असतं. पहिल्या प्रश्नासाठी मंडळाची बैठक बोलावली. या वर्षीच्या जयंतीत डीजेवर जेवढा खर्च झाला, तेवढ्यात तिच्या पहिल्या वर्षाची फी आणि वसतिगृह भागतं, हा हिशोब मी कागदावर मांडून सगळ्यांसमोर ठेवला. वाद झाला. दोन जण उठून गेले. उरलेल्यांनी ठराव केला की पुढच्या वर्षी डीजे निम्मा आणि तिची फी पूर्ण. निम्मा डीजे म्हणजे नेमका काय असतो ते मला अजून कळलेलं नाही, पण ठराव वहीत लिहिलाय आणि खाली सह्या आहेत.

तिने प्रवेशाचा अर्ज भरला आहे. तोवर दर रविवारी वंदनेनंतर ती विहारात कर्जाचे कागद तपासून देते. गेल्या रविवारी अकरा बायका आल्या होत्या, त्यात बाजूच्या वस्तीतल्याही होत्या. येताना कर्जाचं कार्ड, माहितीपत्रक आणि हातात प्रत्यक्ष किती पैसे आले तो आकडा घेऊन यायचं आहे.

जय भीम!